पानाची डावी बाजू

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात मिठावरून रोज कुरबूर होत असे. मी जेवायला बसायचो आणि दुसऱ्याच घासाला म्हणायचो, "अगं, मीठ वाढलं नाहीस." ही म्हणायची, "वाढलंय की. पानात बघा जरा." मी बघायचो. भाजी असायची, आमटीची वाटी असायची, भात असायचा. मीठ नसायचे. चटणी, लिंबाची फोड, कोशिंबीर, काहीच नसायचे. शेवटी ती येऊन माझे बोट धरून मिठावर टेकवायची, तेव्हा ते तिथे एकदम प्रकट व्हायचे. मला वाटायचे, हिने आत्ता गुपचूप वाढले आणि वर मलाच खोटे पाडते आहे. जेवून उठताना निम्मा भात ताटात तसाच उरलेला असायचा. ती म्हणायची, "अन्न टाकायची सवय कधीपासून लागली तुम्हाला?" आणि मी म्हणायचो, "माझं तर पोटच भरलं नाही."

मराठी घरात पान कसे वाढतात हे वाचकांना सांगायला नको. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही पानाची डावी बाजू. भाजी, आमटी ही उजवी. पण हा धागा तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आला नाही.

त्याच्या दोन महिने आधी माझ्या अंगावरून वारे गेले होते. सकाळी चहाची कपबशी डाव्या हातातून निसटली आणि डावा पाय उचलेना. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. आठ दिवस इस्पितळात काढून घरी आलो. पाय सावरला, हात थोडा मागे राहिला, बोलणे तर पहिल्या दिवसापासून खणखणीत होते. भेटायला येणारी मंडळी म्हणत, "थोडक्यात निभावलं." मीही तेच म्हणत असे. दाढी करताना डावा गाल तसाच राहून जाई, त्याला घरात 'बाबांचा आळस' असे नाव पडले होते.

खरी गंमत वर्तमानपत्रात होती. चाळीस वर्षे मी सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचत आलो. आता वाचायला घेतला की मजकुराला अर्थच लागेना. ओळ मध्येच कुठेतरी सुरू व्हायची. मी 'महाराष्ट्र'चे 'राष्ट्र' वाचत होतो, 'नगरपालिका'ची 'पालिका' आणि 'अपघात'चा 'घात'. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतात, ती तर माझ्या लेखी मराठीतून रद्दच झाली होती. 'दिन' मला 'दन' दिसे. मी तणतणत असे, "हल्ली पेपरात शुद्धलेखन तपासायला माणसं ठेवत नाहीत." सगळ्यात घातक म्हणजे शब्दाच्या आरंभीचा 'अ'. आपल्या भाषेत नकार बहुधा त्या एका अक्षरात असतो. ते गळले की 'अपात्र' माणूस 'पात्र' ठरतो आणि 'अविश्वास ठराव' 'विश्वास ठराव' होतो. त्या दिवसांत आपल्या राज्यात कोण पात्र आणि कोण अपात्र हे धडधाकट माणसांनाही नीट कळत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. महिन्याने पुन्हा बदलला. फरक पडला नाही. मग वाचनच सोडले. कुणी विचारले तर म्हणायचो, "हल्ली मन लागत नाही." साठी उलटलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाचे मन लागत नाही हे सगळ्यांना पटते. त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

उलगडा झाला तो औषधांच्या पाकिटामुळे. डॉक्टर आपल्याकडे गोळ्या कशा लिहून देतात ते ठाऊक आहेच: १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मुलगी नाशिकहून आली होती. तिने औषधे आवरायला घेतली आणि म्हणाली, "बाबा, या गोळ्या इतक्या कशा उरल्या?" मी कागद काढून तिला दाखवला. "हे बघ, फक्त रात्रीची लिहिली आहे." तिने कागद हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बाबा, पुन्हा वाचा." मी वाचले, "शून्य, एक." सहा आठवडे मी रक्तदाबाची सकाळची गोळी घेतलीच नव्हती. पहिला झटका ज्याने आला, त्याच रक्तदाबाची. हे आठवले की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

दुसऱ्या दिवशी ती मला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी कुठलेही यंत्र लावले नाही. कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हिच्या मध्यावर खूण करा." मी केली. मग घड्याळ काढायला सांगितले. मी काढले. मग कागदभर विखुरलेल्या बारीक रेघा एकेक करून खोडायला सांगितल्या. मी ते काम झटपट संपवले आणि परीक्षेत पहिल्याने पेपर देणाऱ्या मुलाच्या ऐटीत कागद परत दिला. मुलीने मला ते कागद नंतर दाखवले. रेघेचा 'मध्य' उजव्या टोकाकडे सरकला होता. घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात कोंबले होते. डावीकडची एकही रेघ खोडलेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत तुमचे. डोळे पाहतात, पण डावीकडून आलेल्याची मेंदू हजेरीच घेत नाही. याला आम्ही 'नेग्लेक्ट' म्हणतो. दुर्लक्ष."

मराठीत दुर्लक्ष हा आरोपाचा शब्द आहे. दुर्लक्ष केले म्हणजे लक्ष देता येत असून दिले नाही. इथे लक्ष देणारी यंत्रणाच जायबंदी झालेली असते. मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो आणि डावा मुख्यतः उजवीकडे, असे मानले जाते. म्हणून डाव्या भागाला इजा झाली तर उजवा थोडेफार सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डाव्या दिशेला कुणी वाली राहत नाही. आणि यात सर्वांत अवघड भाग हा की, आपले काही हरवले आहे हे रोग्याला कळत नाही. काही लोकांची पक्षाघातानंतर खरोखरच एका बाजूची दृष्टी जाते. त्यांना बहुधा आज ना उद्या ते जाणवते आणि ते मान वळवायला शिकतात. मला मान वळवावी असे वाटणार तरी कशाला? माझ्या मते तिकडे काही नव्हतेच.

हे दुर्लक्ष डोळ्यांचे नाही याचा सुंदर पुरावा इटलीतल्या मिलान शहरात १९७८ साली मिळाला. एडोआर्डो बिझियाक आणि क्लाउडिओ लुझाट्टी या दोघांनी माझ्यासारख्या रोग्यांना सांगितले, "आपल्या गावच्या कॅथेड्रलच्या चौकात तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. तोंड कॅथेड्रलकडे. काय काय दिसते?" रोग्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, "आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट दिशेला पाहा." आता त्याच रोग्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवण दोन्ही बाजूंची होती. मनातल्या चित्राचीसुद्धा डावी बाजू पुसली जात होती.

माझ्या मुलीने हे कुठेतरी वाचले आणि घरी माझ्यावर प्रयोग केला. "बाबा, डोळे मिटा. अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रस्त्याने बेलबाग चौकाकडे निघा. दुकानं सांगा." लक्ष्मी रस्ता मला तळहातासारखा पाठ. मी भराभर सांगितली. "आता बेलबागेकडून अलकाकडे परत या." पुन्हा सांगितली. तिने दोन्ही याद्या समोर ठेवल्या. एकही दुकान दोन्ही याद्यांत नव्हते. जाताना मी रस्त्याची एक बाजू चाललो होतो आणि येताना दुसरी. त्या रात्री मला पहिल्यांदा पटले की बायको मीठ वाढत होती.

शास्त्रात पत्नीला वामांगी म्हणतात. विठोबाच्या डाव्या हाताला रखुमाई उभी असते. आजारपणात ही माझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून तासन् तास बसत असे आणि मी आल्यागेल्याला विचारत असे, "ही कुठे गेली?" आता आम्ही यावर हसतो. तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जाऊन रडत असे, हे मला मुलीने सांगितले.

बरे वाटू लागल्यावर व्यायाम म्हणून मी आणि बँकेतले एक जुने सहकारी पेठांतून फिरायला जात असू. एकदा महात्मा फुले पेठेत, म्हणजे जुन्या गंज पेठेत, फुलेवाड्यात जाऊन बसलो. जोतीरावांना याच पुण्यात १८८८ च्या जुलैमध्ये पक्षाघात झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. उजवे अंग लुळे पडले, पण त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत असल्यापासून ही गोष्ट मी ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी वाड्यात बसून ती वेगळी ऐकू आली. जोतीरावांचा हात गेला होता, अक्षर गेले नव्हते. माझा उजवा हात शाबूत होता आणि अक्षर गेले होते. दोन्ही आजारांचे नाव मात्र एकच.

आपल्याला पहिला प्रकारच ओळखता येतो. अर्धांगवायू म्हटले की वाकडे तोंड, लोंबता हात, ओढत टाकलेले पाऊल आपल्या डोळ्यांसमोर येते. त्याची आपल्याला दया येते, कौतुकही वाटते. दुसऱ्या प्रकाराला हट्टीपणा, आळस, म्हातारचळ अशी नावे मिळतात. माणूस चालतो, बोलतो, जुन्या आठवणी सांगतो, म्हणजे बरा झाला, असा आपला हिशेब असतो.

वाचन किती परींनी हिरावले जाते हे मला नंतर समजत गेले. डाव्या बाजूची दृष्टी गेली तर आपल्या लिपीत ओळीचा आरंभ सापडत नाही. उजवीकडची गेली तर ओळीत पुढे सरकणे कठीण होते, कारण पुढचा शब्द येताना दिसतच नाही. उर्दू वाचणाऱ्याचे नेमके उलटे होत असणार. काहींना तर अक्षरेच ओळखू येईनाशी होतात. पॅरिसमध्ये देजेरिन नावाच्या डॉक्टरांनी १८९२ साली असा रोगी नोंदवला: तो लिहू शकत असे, पण स्वतःचेच लिहिलेले वाचू शकत नसे. हॉवर्ड एंगेल या कॅनडातल्या रहस्यकथालेखकाला २००१ साली एके सकाळी आपला नेहमीचा पेपर परक्या लिपीत छापल्यासारखा दिसू लागला. तो पुन्हा कसाबसा वाचायला शिकला, जिभेने दातांच्या मागे अक्षरांचे आकार गिरवत. त्याने पुढे कादंबरीही लिहिली. प्रत्येकाची वाट निराळी. म्हणून नेमके काय गेले आहे हे आधी तपासून घ्यावे लागते.

लोक मला म्हणतात, "अहो, जीव वाचला, चालताय, फिरताय. या वयात वाचन नाही झालं तर काय बिघडतं?" त्यांना मी माझी सकाळची गोळी सांगतो. आणि आणखी एक गोष्ट सांगतो. ती माझ्या नोकरीतली आहे आणि तिच्यात मी चुकलेलो आहे.

मी एका बँकेत अधिकारी होतो. शाखेत पेन्शन घ्यायला एक निवृत्त शिक्षक येत. एका महिन्यात ते पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "साहेब, या खात्यातून मी काही काढलेलंच नाही. नुसती जमा आहे. मग शिल्लक कमी कशी?" मी पासबुक पाहिले. काढलेल्या रकमा छापलेल्या होत्या. मी दाखवल्या, त्यांना पटेना. त्यांची पैसे काढायची स्लिपही चुकीची भरलेली होती, रक्कम कागदाच्या उजव्या कोपऱ्यात कोंबलेली, सही ओळीच्या मध्यावरून सुरू झालेली. मागे रांग होती. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "गुरुजी, आधी चष्मा बदला आणि मग या." रांगेत कुणीतरी हसले. त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "सहा महिन्यांपूर्वी वारं गेलं अंगावरून. पण आता अगदी बरे आहेत."

पासबुकात काढलेल्या रकमेचा रकाना डावीकडे असतो आणि जमेचा त्याच्या उजवीकडे. हे मला वीस वर्षांनी, माझे स्वतःचे पासबुक हातात घेऊन बसलो असताना उमगले. मलाही नुसती जमाच दिसत होती. ज्या आकड्याची किंमत सर्वांत जास्त, तो संख्येत सर्वांत डावीकडे असतो. 'पंधरा हजार पाचशे' मी 'पाचशे' वाचत होतो. असा माणूस कोणत्याही कागदावर सही करील. गुरुजींची क्षमा मागायला मी गेलो नाही, कारण ते आता नाहीत.

वृद्ध आणि आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, आणि त्या माणुसकीच्या आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या, तेही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. मी स्वतः खातेदारांच्या घरी जाऊन असे ठसे घेतले आहेत. पण या व्यवस्थेने हाताचा विचार केला आहे. ज्याची सही उत्तम येते, पण समोरचा आकडा अर्धाच वाचला जातो, त्याचे काय? त्यासाठी नवा कायदा नको. टेबलामागच्या माणसाने रक्कम एकदा मोठ्याने वाचून दाखवावी, आणि घरच्यांनी ती व्यवस्था आपणहून मागावी. तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

उपाय आहेत का? आहेत, पण जादू नाही. काहींचे दुर्लक्ष पहिल्या काही महिन्यांत आपोआप बरेच ओसरते, काहींचे रेंगाळते. १९९८ पासून प्रिझमच्या भिंगांचे प्रयोग होत आले आहेत. गुण सगळ्यांना सारखा येत नाही. मला उपयोग झाला तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी शिकवलेल्या एका साध्या युक्तीचा. पानाच्या डाव्या कडेला लाल स्केचपेनने उभी रेघ ओढायची. ओळ संपली की लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे जायचे आणि मगच पुढची ओळ सुरू करायची. ओळीखाली फूटपट्टी. रोज एका पानावरचे सगळे 'क' शोधून त्यांना गोल करायचे. पहिल्या दिवशी मला अठ्ठावीसपैकी अकरा सापडले. बँकेत आम्ही लाल शाईला घाबरत असू, कारण ती खात्यात खड्डा पडल्याची खूण. या लाल रेघेने मला माझी अर्धी भाषा परत दिली. रोज अर्धा तास, असे सात-आठ महिने लागले. अजूनही दमलो की 'अ' गळतो. दुचाकी मी कायमची विकली. पुण्यात वाहने कुठल्याही दिशेने येऊ शकतात, आणि मला एका दिशेची खात्री नाही.

घरच्यांना एवढेच सांगेन. ओरडू नका, "दिसत नाही का?" म्हणू नका, त्याला खरेच दिसत नाही आणि ते त्याला ठाऊकही नाही. सुरुवातीला ताट थोडे उजवीकडे सरकवा, पण उपचार करणाऱ्यांना विचारून हळूहळू डावीकडे बघायला लावा. गोळ्यांची मोजणी दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा. रस्ता ओलांडताना त्याच्या डाव्या हाताला चाला. आणि इस्पितळातून घरी येताना हातपायांच्या व्यायामाबरोबर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "यांना वाचता येतंय का, हे तपासलंत?" हा प्रश्न मला झटका आला तेव्हा कुणी विचारला असता, तर सहा आठवड्यांच्या गोळ्या आणि हिचे बरेचसे अश्रू वाचले असते.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात अंगावरून वारे गेलेले कुणी असेल तर आज रविवार आहे, सवड आहे. पुरवणीचे हे पान त्यांच्यासमोर नीट धरा आणि लेखाचे नाव मोठ्याने वाचायला सांगा. ते 'पानाची डावी बाजू' म्हणतात, की 'डावी बाजू', की नुसतेच 'बाजू', ते ऐका. चुकले तर रागावू नका. पान घडी करून ठेवा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा.